अनसाबाईनं धरलेलं सुतक

आमच्या बालाघाटात, वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बेवारस म्हाताऱ्या बायकांसाठी एक निवारा आहे. त्याच्या फाटकाशी संगमरवरी दगड बसवलेला आहे. दगडावर अध्यक्षांचं नाव आहे, खाली समितीतल्या इतरांची नावं आहेत, आणि या मंडळींनी स्वच्छतेचा आदर्श घालून दिला असं सोनेरी अक्षरांत लिहिलं आहे. ती नावं मी इथे लिहिणार नाही. दगडावर आहेत तेवढी पुरे. मी लिहिणार आहे ते नाव दगडावर नाही. ते नाव अनसाबाई.

मी त्या रस्त्यावरचा किराणा दुकानदार. डोक्यावर टोपली घेऊन साबण विकत फिरलो, मग हातगाडी केली, मग दुकान. समितीत मला कधी घेतलं नाही, कारण "तो ठेलेवाला". याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. भावात मी कोणाला सोडत नाही, रागात तर मुळीच नाही. पण हे लिहिणं त्या रागापायी नाही. निदान फक्त त्या रागापायी नाही.

अनसाबाई पहिल्यांदा दुकानात आली ती साबण घ्यायला. उंच, हाडकुळी, खांदे बाप्यासारखे रुंद. लुगडं विरलेलं, पण असं धुतलेलं की उन्हात डोळ्यांवर यावं. मी वरची वडी काढून दिली. तिनं ती नाकाला लावली आणि परत ठेवली.

"वरची नको. खालची काढ."

"सगळ्या सारख्याच आहेत, बाई."

"सारख्या असत्या तर तू वरची देल्ली नसती."

मी चिडलो. इतकी वर्षं लोकांच्या वस्तूंत खोट काढत मी भाव पाडले, आणि ही माझ्याच दुकानात मला शिकवते! पण खालची वडी काढली. ती खरंच ताजी होती. वरच्या वड्या उन्हानं तडकल्या होत्या हे मला माहीत होतं. तिला कसं कळलं, विचारलं.

"वरून सारं चांगलंच दिसते बाप्पा. माणसानं बुडाले हात लावावा."

हे तिचं वाक्य पुढे मी शंभरदा ऐकलं. तांदळाचं पोतं घेताना मीही खालूनच मूठ काढतो, म्हणून मला ते पटलं. मात्र तिला तसं कधी बोललो नाही. गिऱ्हाइकाला पटलेलं सांगू नये.

भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत तिची जिंदगी गेली. दगड फोडणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांच्या टोळीची ती मेट होती, म्हणजे मुख्य. तळहाताच्या रेघांत ती काळी भुकटी कायमची बसली होती. त्या रेघा दाखवून ती हसायची. "साऱ्या जन्माची काळी, आता मरताना तरी मले गोरी मरू द्या." दिवसातून दोनदा अंघोळ करायची, थंडीतही. नवरा गेला, मूल नव्हतं. भाऊबंद गोंदियाकडे. राज्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा ते तिकडे राहिले आणि ही इकडे, हिंदी मुलखात. कोणी कीव करून म्हटलं की मध्ये रेघ आली ना, तर ती म्हणे, "रेघ काय काट्याचं कुंपण हाये? यायचं नाही, म्हणून रेघ सांगतेत."

खाणीत हात चालेनासे झाले तेव्हा ती निवाऱ्यात आली. निवाऱ्याच्या फाटकावर मोठी पाटी होती, हिंदीत: 'जिनका कोई नहीं, उनका परिवार हम हैं.' पाटी चांगली होती. पुढचा ओटाही चांगला होता. लाल फरशी, तुळशीची कुंडी, आणि पाहुणे यायचे त्या दिवशी फिनाइलचा असा घमघमाट की रस्त्यावर शिंका याव्यात. फिनाइल माझ्याच दुकानातून जायचं. वर्षाकाठी किती मोजक्या बाटल्या जातात ते मला ठाऊक होतं, म्हणून त्या घमघमाटाला मी कधी भुललो नाही. अनसाबाई तर उघड म्हणायची, "फिनाइलचा वास आला का समज, मांगं काही लपवून राह्यले."

मागची खोली मी पाहिली नव्हती. तिथे पाहुण्यांना नेत नसत. व्यवस्थापक तिवारीजी म्हणत, "पीछे माताएँ आराम कर रही हैं." दुकानाच्या पायरीवर बसून अनसाबाईनंच मला ती खोली सांगितली. ज्या उठू शकत नाहीत त्या बायका तिथे. चादर मळली की उलटायची, दुसरी बाजू मळली की पुन्हा उलटायची. तोंड पुसायला साऱ्यांत एक पंचा. माठ कधी आतून घासलेला नाही. आणि एका कुशीवर पडून पडून पाठीला झालेल्या जखमा.

"डॉक्टर येत नाही?" मी विचारलं.

"येते ना. ओट्यावरून नाडी पाह्यते."

मग तिनं आपली खाण तिथे सुरू केली. खाणीत टोळीला हाक मारायची तशी ती मागच्या खोलीत उभी राहून ओरडायची, "कूस बदला होऽऽ!" ज्यांना हलता येई त्या हलत. ज्यांना येत नसे त्यांना ती स्वतः वळवायची. सकाळी, जेवणाआधी, जेवणानंतर, दिवेलागणीला. शेजारचे लोक त्या हाकेवर चुली पेटवू लागले. रविवारी नखं. माझ्याकडून घेतलेल्या कात्रीनं ती साऱ्यांची नखं कापायची आणि कापता कापता शिव्या द्यायची. "एवढी माती घेऊन काय पेरणीले चालली का वो?" बायका हसायच्या. ती शिवी देते म्हणजे ती आपल्याला माणसात धरते, हे त्यांना कळायचं. तिवारीजी कोणाला शिवी देत नसत. ते 'माताजी' म्हणत आणि नाकाला रुमाल लावत.

ती गोड बाई होती असं मी सांगणार नाही. तिचं कोणाशी पटत नसे. तिच्या बादलीला कोणी हात लावला तर दिवसभर तोंड चालायचं. माझ्याशीही ती इतकी भांडली की मी दोनदा तिला पायरीवरून उठवलं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ती आली, त्याच पायरीवर बसली आणि म्हणाली, "झाला का राग? आता खालचा सोडा काढ."

एकदा अध्यक्ष कोणा मोठ्या पाहुण्याला घेऊन निवारा दाखवायला आले. मी बिल घेऊन ओट्याखाली उभा होतो. अनसाबाई मागच्या माठातलं तांब्याभर पाणी घेऊन आली, डोईवर पदर घेऊन, अगदी सालस.

"साहेब, उन्हाचे आले. पाणी घ्या."

अध्यक्ष म्हणाले, "नको नको, आत्ताच घेतलं."

"घ्या ना. घरचंच पाणी हाये. पाटीवर लिवलं हाये ना, परिवार म्हणून."

पाहुण्यानं कौतुकानं हात पुढे केला. अध्यक्षांनी त्याचा हात धरला. तोंडातून निघून गेलं, "यहाँ का मत पीजिए." अनसाबाईनं तांब्यात बोट फिरवलं, वर काढलं आणि बोटावरचं हिरवं बुळबुळीत पाहुण्याला दाखवलं. "साहेबाले मालूम हाये," एवढंच बोलली आणि आत गेली.

त्यानंतर काय झालं? माठ बदलले? नाही. मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसली. पाहुणे आले की ती लागायची.

त्या खोलीत कौसाबाई नावाची एक म्हातारी होती. बहिरी, अंथरुणाला खिळलेली. अनसाबाईची खाट तिच्या शेजारी. कौसाबाईला "कूस बदला" ऐकू यायचं नाही, म्हणून अनसाबाई तिच्या खांद्यावर दोन टिचक्या मारायची. तिची पाठ चिघळली होती. अनसाबाई निंबाचा पाला उकळून धुवायची, पण खाली तीच ओली गादी. नवी गादी मागायला गेली तर तिवारीजी म्हणाले, "समिति में रखेंगे." समितीत गादी ठेवली गेली की नाही माहीत नाही. कौसाबाई पोळ्याच्या सुमारास गेली.

आता इथे अध्यक्षांनी एक गोष्ट केली, आणि तीच त्यांना भोवली. कौसाबाईला कोणी नव्हतं. गावातली चार प्रतिष्ठित माणसं जमली होती. त्यांच्यासमोर अध्यक्षांनी मडकं धरलं आणि नदीवर स्वतः अग्नी दिला. लोक गहिवरले. पोटच्या मुलासारखं केलं, म्हणाले. बाजारात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मीही ऐकलं आणि मनात म्हटलं, जिवंतपणी एक गादी दिली नाही, मेल्यावर लाकडं बरी दिली.

अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अनसाबाई दुकानात आली. पायरीवर बसली नाही. उभीच राहिली.

"रात्री एक नवी बाई आली. पारबता. किरनापूरकडची. तिले कोणती गादी देल्ली सांग."

मी हातातली तागडी खाली ठेवली.

"उलटून देल्ली. कौसीची. खालून अजून ओली होती रे."

आमच्याकडे मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. स्मशानाच्या वाटेवर टाकतात. गरिबातला गरीब टाकतो. अनसाबाईचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला भीती वाटली.

"तुझ्या बायकोले सांग," ती म्हणाली, "आमच्या घरी मयत झाली. भेटीले ये म्हणा. अन् मोहल्ल्यात सांग म्हणा. मी कौसीचं सुतक धरलं."

"तुमचं काय नातं?"

"अध्यक्षाचं काय होतं?"

निवाऱ्यात जाऊन तिनं ती गादी अंगणात ओढून टाकली आणि चुलीत पाणी ओतलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. मग उंबऱ्याशी जमिनीवर बसली. चालत्याफिरत्या बायका एकेक करून तिच्याशेजारी येऊन बसल्या. पारबता बौद्ध होती. ती अडखळली. "बाई, आमी आता हे सुतक-बितक मानत नाही."

"नको मानू. तुले गादी नवी पाहिजे का नाही?"

"हौ, पाहिजे."

"मंग बस. मानणं माहं, बसणं तुहं."

पारबता बसली. तिवारीजी धावत आले. "ये क्या तमाशा है? परसों यहाँ सत्यनारायण है! नया बरामदा बना है, मेहमान आ रहे हैं!"

"तिवारीजी, मयतीच्या घरी सत्यनारायण?" अनसाबाई म्हणाली. "तुमी तर बामण हो."

भेटीला जाणाऱ्या बाईला कोणी फाटकावर अडवू शकत नाही. तिवारीजींचीही हिंमत झाली नाही. मयतीच्या घरी शेजारपाजारचे डबे पाठवतात, त्याप्रमाणे मोहल्ल्यातल्या बायका डबे घेऊन निघाल्या. माझी बायको गेली, तिच्यामागे सुतारीण, शाळेतल्या मास्तरांची आई, कोष्टिणी. उंबऱ्याशी बसून चार शब्द बोलल्या की अनसाबाई म्हणे, "आत जा, बाई. कौसीची जागा पाहून ये." आणि त्या आत जात. कडी लागायची ती खोली अशी उघडली. कुठल्याही तक्रारीनं उघडली नसती.

माझी बायको घरी आली, अंगणातच डोक्यावरून पाणी घेतलं आणि आत येऊन म्हणाली, "तुमी त्या लोकाइले फिनाइल इकता, तुमाले लाज नाही वाटत?"

सत्यनारायणाच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. पाहायचंच होतं. अध्यक्ष आले, रेशमी धोतर, कपाळाला गंध. सोबत पाहुणे, मागे पंडितजी. अंगणात ती गादी तशीच, उंबऱ्याशी बायका बसलेल्या, दाराशी ना सडा ना रांगोळी. पंडितजी फाटकातच थबकले.

"यहाँ किसका सूतक है?"

अध्यक्ष हसले. "कुछ नहीं महाराज. एक बुढ़िया थी, गुज़र गई. इन लोगों का कोई खून का रिश्ता नहीं."

अनसाबाई बसल्या जागेवरून बोलली. "महाराज, एक इचारू? अग्नी देणाऱ्याले सुतक लागते का नाही?"

"लगता है. उसी को तो सबसे पहले लगता है."

"मंग या साहेबायले इचारा. कौसीले अग्नी यायनंच देल्ला. साऱ्या बाजारानं पाह्यलं. पोटच्या पोरावानी देल्ला म्हणतेत." तिनं अध्यक्षांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोटच्या पोराचं डोस्कं मात्र दिसून नाही राह्यलं. केस तसेच हायेत."

कोणीतरी मागे हसलं. तो मी असेन.

पंडितजींचा चेहरा बदलला. "आपने मुखाग्नि दी थी?"

"वो तो... संस्था की ओर से..."

"अग्नि संस्था नहीं देती, हाथ देता है," पंडितजी म्हणाले आणि एक पाऊल मागे झाले. "और ऊपर तो आपने परिवार लिखवा रखा है. तेरहवीं तक न आप पूजा में बैठ सकते हैं, न यहाँ पूजा हो सकती है. बाद में शुद्धि होगी."

"शुद्धीत काय काय करा लागते, सांगा ना महाराज," अनसाबाई म्हणाली. "मी अडाणी. यायलेही मालूम नसन."

पंडितजींनी सांगितलं. ते रागावलेले होते, त्यांना फसवून आणलं होतं. मातीची भांडी सगळी फोडून नवी. अंथरूण-पांघरूण बाहेर. कपडे उकळून. भिंतींना चुना. घर धुऊन काढायचं, कोपरा न कोपरा. ते एकेक सांगत होते आणि अनसाबाई एकेकाला मान हलवत होती. माझ्या लक्षात आलं, गेलं वर्षभर ती समितीकडे नेमकं हेच मागत होती. माणसांसाठी मागितलं तेव्हा मिळालं नाही.

अध्यक्षांची आई कडक सोवळ्याची बाई होती. दुपारपर्यंत गोष्ट तिच्या कानावर गेली आणि संध्याकाळी अध्यक्ष वैनगंगेच्या घाटावर न्हाव्यापुढे बसले. पुढे बरेच दिवस ते टोपी घालून फिरत. गावात कोणी हसलं नाही. म्हणजे त्यांच्यासमोर हसलं नाही.

तेराव्यानंतरचं ते काम मी डोळ्यांनी पाहिलं. अनसाबाई अंगणाच्या मध्यभागी काठी घेऊन उभी. मोठ्या कढईत सोडा घालून चादरी उकळत होत्या. माठ तिनं स्वतः फोडले, आणि प्रत्येक माठ फोडण्याआधी आतून बोट फिरवून तिवारीजींना दाखवला. पिंजारी नवी गादी भरत होता. उन्हात खाटा, खाटांवर आतल्या बायका, कित्येक महिन्यांनी आभाळ पाहणाऱ्या. एक तर सूर्याकडे पाहून रडायलाच लागली. अनसाबाई तिच्यावर ओरडली, "रडून अंग ओलं नको करू वो, आत्ताच पुसलं!"

साबण, सोडा, चुना माझ्या दुकानातून गेला आणि त्याचा पूर्ण भाव मी समितीकडून घेतला. बायको म्हणाली, पुण्याचं काम होतं, थोडं सोडायचं. मी म्हटलं, फुकट दिलं असतं तर दगडावर माझंही नाव लागलं असतं, त्या लोकांच्या रांगेत. तिला पटलं नाही. अनसाबाईला पटलं.

अध्यक्षांनी वाट पाहिली. त्या कामात ते हुशार. होळी होऊन गेल्यावर समितीनं नवा नियम केला: जिच्या हातापायांत जोर आहे ती निराधार नव्हे. नियम सर्वांना होता, लागू एकीलाच झाला. तिवारीजींनी तिला बोलावून सांगितलं, "माताजी, आप तो भली-चंगी हैं." मी तावातावानं समितीपुढे गेलो. मला दारातूनच सांगण्यात आलं की हा संस्थेचा अंतर्गत मामला आहे, आपण आपलं दुकान पाहावं.

अनसाबाईला ठाऊक होतं असं होणार. ती सुतकाला बसली त्याच दिवशी तिला ठाऊक होतं. त्या छपराशिवाय तिला दुसरं छप्पर नव्हतं आणि तरी तिनं चुलीत पाणी ओतलं. मी संतापानं बोलत होतो तेव्हा ती पायरीवर बसून आपलं गाठोडं बांधत होती.

"तू काहून एवढा गरम होऊन राह्यला? गादी तर भेटली ना पारबताले."

"आणि तुम्ही कुठे जाल?"

"भरवेलीले. टोळीतली एक बुढी हाये माही. तिच्या खोलीत. दोघींत एक चूल." मग गाठ मारून म्हणाली, "घाण असन तिच्या खोलीत. पाह्यते मी."

त्यानंतर ती बाजाराच्या दिवशी यायची, भरवेलीहून पायी. तिवारीजींनी चौकीदाराला सांगून ठेवलं होतं, हिला आत सोडायचं नाही. ती आत जायला मागतच नसे. फाटकाच्या गजांशी उभी राहून छाती भरून हाक द्यायची, "कूस बदला होऽऽ!" आणि मागच्या खोलीतून पारबताचा आवाज यायचा, "बदलली होऽऽ!" मग पारबता फाटकापर्यंत येऊन माठाचं बूड दाखवायची, आणि अनसाबाई गजांतून हात घालून बोट फिरवायची.

मी तिला शेवटचं पाहिलं ते अशाच एका बाजाराच्या दिवशी. संगमरवरी दगड नुकताच बसला होता. पाठ वाकली होती, काठी आली होती, पण लुगडं तसंच, डोळ्यांवर येणारं. तिची हाक झाली, उत्तर आलं, माठ पाहून झाला. मग ती दगडापाशी थांबली. तिला वाचता येत नव्हतं. मी दुकानातून उतरून गेलो आणि काय लिहिलं आहे ते वाचून दाखवलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग खाली वाकली, दगडाच्या खालच्या कडेला बोट घातलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. बोट काळं झालं होतं.

"चौकीदार," ती म्हणाली, "हे खालून पुसून घे बाबा. साहेबाचं नाव हाये, घाण बरी नाही दिसत."

बोट तिनं लुगड्याला पुसलं नाही. माझ्या दुकानासमोरच्या नळावर गेली, माझ्याकडून साबणाची वडी मागून घेतली, खालची, आणि सावकाश दोन्ही हात धुतले. मग काठी उचलून भरवेलीच्या रस्त्याला लागली.